ढगमामांचा अर्धा पेला

मामा घाम पुसत नसत. बऱ्हाणपूरच्या मे महिन्यात बाकीचे लोक पंचे पिळत असताना आमचे मामा कपाळावरून ओघळ वाहू देत शांत बसलेले असायचे. कोणी रुमाल पुढे केला तर हात आडवा करून म्हणायचे, "राहू दे. त्याले वर जायचंय." आकाशात ढग जमतो त्यात नदी-समुद्राबरोबर माणसाचा, म्हशीचा, झाडाचाही वाटा असतो, आणि आपला वाटा रुमालात जिरवणं हा मामांच्या मते निव्वळ कंजूसपणा होता. इतवारा बाजारातल्या चहाच्या टपरीवर हे ऐकवून ऐकवून त्यांना ढगमामा हे नाव पडलं. ते त्यांना आवडायचंही.

त्यांची उभी हयात नेपानगरच्या कागद कारखान्यात गेली होती, तीही बांबू आणि लाकूड यंत्रात घालण्याच्या कामावर. "इतकी झाडं शिजवली मी," ते म्हणत, "की माही पापं लिहायले चित्रगुप्त जो कागद घेईल, तो बी माह्याच हातचा निघेल." मामी गेल्यावर ते आमच्या गावी, जसोंडीला, त्यांच्या अक्काकडे, म्हणजे माझ्या आईकडे राहायला आले. सकाळ-संध्याकाळ केळीच्या बागेत फिरायचे आणि वर ढग दिसला की त्याचं गाव सांगायचे. हा आपल्या केळीचा, तो नेपानगरच्या जंगलाचा. ढगाला विचारून खात्री करायला कोण जाणार!

आमच्या बांधावर एक मोठा उंबर होता. त्याच्या लगतच्या दोन ओळींतली केळी खुरटलेली असे, आणि त्या वर्षी दिवाळीनंतर लगेच बोअरची धार बारीक झाली. उंबर तोडायचा, असं मी ठरवलं. वडिलांच्या मागे शेतीचे निर्णय मीच घेत होतो, आणि ते झटपट घेण्याचा मला फार अभिमान होता.

"दत्ताचं झाड आहे रे ते, हात नको लावू त्याले," आई म्हणाली. खरं सांगतो, मी तिथेच थांबलो असतो. देवाशी वैर कोण घेणार? पण मामाच मध्ये पडले. "अक्का, देवाचं भेव दाखवून नको वाचवू. खरं काय ते दाखवून वाचवू." आई चुलीकडे वळली, आणि उंबराची बाजू सत्याच्या हाती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी आईच्या डब्यातली एक स्वच्छ प्लास्टिकची पिशवी उंबराच्या डहाळीवर चढवली आणि सुतळीने तोंड आवळलं. दिवसभर बकऱ्या हाकलत तिथेच बसले. संध्याकाळी पिशवीत जमलेलं पाणी त्यांनी पेल्यात ओतलं आणि दोन्ही हातांनी, तीर्थासारखं सांभाळत माझ्यापुढे आणलं. अर्धा पेला भरला होता.

"हा पानांचा घाम. एवढुशा डहाळीचा एवढा, तर अख्ख्या झाडाचा किती? सांग बरं!"

शाळेत माझं गणित बरं होतं. मी उंबराकडे खालून वर पाहिलं आणि म्हणालो, "बापरे! मामा, हे एवढं सगळं रोज माह्या बोअरचं पिऊन राहिला हा?"

मामांचा चेहरा असा उतरला की मला त्या क्षणीही वाईट वाटलं. "पिऊन नाही रे, देऊन राहिला."

"कोणाले?"

"आकाशाले. त्याचाच पाऊस होतो."

"मग तो पाऊस माह्याच वावरात पडतो का?"

इथे मामा नुसतं "पडतो की" म्हणाले असते तरी उंबर वाचला असता. पण त्यांनी थोडा विचार केला. "तसं नाही सांगता येत. सातपुड्यात पडेल, नाहीतर जळगावले पडेल." जळगावच्या केळीवाल्यांसाठी मी माझा बोअर आटवायचा, हे ऐकून मला हसूच आलं.

मामांनी हार मानली नाही. त्यांनी केळीच्या पानावर पिशवी चढवली, आणि तिच्यात उंबराहून जास्त पाणी जमलं. "आता बोल," ते म्हणाले. मी म्हणालो, "केळी माल देते, मामा." आमच्याकडे भाच्याला मोठा मान, मामा त्याचा शब्द मोडत नाही. मामा उठून हात धुवायला गेले. मी मात्र गावभर सांगत सुटलो, की उंबर किती पाणी खातो ते आमच्या मामांनीच सिद्ध करून दिलं.

मशीनच्या करवतीने उंबर सकाळच्या दोन तासांत आडवा झाला. फांद्या न्यायला ट्रॅक्टर आला तेव्हा मामा ट्रॉलीपुढे येऊन उभे राहिले.

"थांब थोडं. पानं हिरवी आहेत अजून. त्याचं काम चालू आहे."

"मामा, कापलं ना त्याले!"

"हो. पण त्याले अजून समजलं नाही."

ट्रॅक्टरवाला माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला परत पाठवलं. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. मामा पुढचे दोन दिवस पडलेल्या फांद्यांजवळ बसून राहिले. जेवायला बोलावलं की येत, आणि हात पुसता पुसता परत जात. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एक पान मुठीत चुरगाळलं, ते कुरकुरलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ने आता."

पुढच्या आठवड्यात ते नेपानगरला मुलीकडे गेले आणि वर्षभरात तिकडेच वारले. बोअरची धार उंबर तोडल्यावरही बारीकच राहिली. हे मी त्यांना सांगितलं नाही, आणि त्यांनीही फोनवर कधी विचारलं नाही. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर मी भांडलो असतो, आणि कदाचित सुटलोही असतो.