आवाज उघडला का?

जुन्नरच्या पेठेत माझ्या मित्राचं कापडाचं दुकान आहे आणि दुकानाच्या वर घर. सुट्टीच्या दिवशी मी शिनोलीहून मोटरसायकलवर जायचो. मग दुपारभर गाणी ऐकायची आणि भांडायचं. स्पीकरला शुद्ध तांब्याची जाड वायर लावली की आवाज उघडतो, असा त्याचा ठाम विश्वास. मी म्हणायचो, "वायरीनं काय व्हत नाय राव. तुझ्या मनाला वाटतं." शेवटी त्याची बायको, आमच्या भाभी, निवाड्याला बसायच्या. त्या डोळे मिटून घ्यायच्या, मी गुपचूप वायरी बदलायचो. "दोन्ही एकच," त्या सांगायच्या, "चहा घ्या." तो हसून म्हणायचा, "हिचा कान फोडणीत तळलाय."

गेल्या वर्षी भाभींच्या मेंदूत रक्तस्राव झाला. पुण्याला नेता नेता, वाटेतच त्या गेल्या.

त्यानंतर कित्येक महिने त्यानं सेट लावला नाही. मग एक दिवस फोन आला, "ये, तुला ऐकवायचंय." गेलो तर खोलीत नवा अँप्लिफायर, अंगठ्याएवढ्या जाड वायरी, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना टांगलेल्या गोधड्या. त्याच्या मोबाईलमध्ये भाभींचा एक व्हॉइस मेसेज राहिला होता, तो त्यानं स्पीकरवर लावला.

"सुनो, आते वक्त पाव लाना. और फोन उठाया करो जरा." मागं कुकरची शिट्टी. त्या हसायला लागतात आणि तिथंच मेसेज तुटतो.

"उघडला ना आवाज?" तो म्हणाला. "आधी डब्यातून आल्यासारखा व्हता. आता ती इथं उभी हाय. व्हय ना?"

मला आवाज फोनमधल्यासारखाच वाटला, नुसता मोठा. हो म्हणणं सोपं होतं. पण तो मला मुद्दाम बोलावून विचारत होता, कारण मी उगीच हो म्हणणारा नव्हतो.

"फोननं जेवढं धरलं तेवढंच हाय त्यात," मी म्हणालो. "वायर त्यात भर नाय घालू शकत."

त्यानं मेसेज पुन्हा लावला. आणखी एकदा लावला. मग तिथंच जमिनीवर बसला.

"तिचा खरा आवाज मला आठवंना झालाय रे. आठवायला गेलो की हा मेसेजच वाजतो. तुला आठवतो का?"

मी डोळे मिटून प्रयत्न केला. मलाही पाव आणि कुकरच ऐकू आला. मी नाही म्हणून मान हलवली, तसा तो ओंजळीत तोंड घालून रडला. एवढा तो मयतीच्या दिवशीही रडला नव्हता.

मी अजून जातो. सेटवर चादर टाकलेली असते. आम्ही खाली दुकानात गल्ल्यापाशी बसतो. मध्यंतरी त्याला जरा खुलवावं म्हणून मीच वायरींचा विषय काढला. तो कापडाची घडी घालत होता. वर न बघता म्हणाला, "तूच खरा व्हतास राव."

त्यानं हे कधीतरी कबूल करावं म्हणून मी किती वर्षं घसा फोडला होता. त्या दिवशी मात्र वाटलं, त्यानं उठून माझ्याशी कडाकडा भांडावं.