सहाशे चाळीस जॅकेटं आणि निफाडची थंडी

"मॅडम, डोळे मिटा आणि नुसता हात लावून सांगा, यातलं महाग कुठलं?"

आमचे प्लांट हेड बोरस्ते साहेब यांनी माझ्या टेबलावर दोन सेफ्टी जॅकेटं टाकली होती. दोन्ही पोपटी, दोन्हींवर चंदेरी पट्टे. मी डोळे न मिटताच सांगितलं, "डावीकडचं. उजवीकडचं पाच धुण्यांत पोतेरं होईल."

"मला तर दोन्ही सारखीच दिसतात."

"म्हणून तर तुम्ही डोळे मिटायला सांगताय."

साहेब हसले, पण आले होते ते हसायला नव्हे. सातपूरच्या आमच्या कारखान्यात लोखंडी पाइप बनतात आणि मी तिथं पर्चेस बघते. दरवर्षी मे महिन्यात मी सहाशे चाळीस जॅकेटांची ऑर्डर काढते. या वर्षी साहेबांना त्यात पाचवा हिस्सा बचत हवी होती. सोमवारपर्यंत मी ती काढून दाखवली नाही, तर उजवीकडचं, म्हणजे स्वस्तातलं जॅकेट सगळ्यांच्या अंगावर चढणार होतं.

हे जॅकेट म्हणजे खरं तर बिनबाह्यांची बंडी. त्याचा भडक रंग दिवसा लांबून दिसतो. चंदेरी पट्टा म्हणजे टेप. तिच्यावर गाडीचा दिवा पडला की ती चमकते. कापड पातळ चाललं असतं, पण स्वस्त टेप धुण्यात विझते, आणि विझलेली टेप अंगावर असणं म्हणजे नुसती बंडी घालून फिरणं. आमच्या यार्डात ट्रेलर मागे घेताना त्याच्या मागे उभं राहून शिट्टी वाजवणारा एक माणूस असतो, सखाराम आहेर. निफाडकडचा, पन्नाशीचा, किडकिडीत. ड्रायव्हरला आरशात तो दिसतो तो त्या जॅकेटामुळेच. स्वस्तातलं जॅकेट आहेरभाऊंच्या अंगावर, ही कल्पनाच मला सहन होईना.

मी तडक द्वारका चौकात मणियारभाईंच्या दुकानात गेले. सेफ्टी शूज, हेल्मेट, हातमोजे यांच्या ढिगात बसलेला हा माणूस पंधरा वर्षं आम्हाला माल देतो आणि पंधरा वर्षं आमच्यामुळे आपण बुडालो असं सांगतो.

"ताई, रेट एक रुपया खाली येणार नाही," त्यांनी मी बसायच्या आधीच जाहीर केलं. मग माझी जुनी ऑर्डर काढून समोर धरली. "पण एक विचारू? तुमचा कारखाना आहे की पैलवानांचा आखाडा?"

मी कागद बघितला. सहाशे चाळीसपैकी चारशेच्या वर जॅकेटं डबल एक्सेल होती.

कुठल्या मापाचे किती नग हवेत, या यादीला आमच्याकडे साइज ब्रेकअप म्हणतात. मणियारभाईंनी समजावलं. मीडियम आणि लार्ज तयार थप्प्यांतून निघतात. डबल एक्सेलला कापड जास्त, टेप जास्त, कटिंग वेगळं. म्हणून त्याचा रेटही चढा. "ब्रेकअप सुधारून आणा. तेच जॅकेट, तीच टेप, आणि तुमच्या साहेबांना हवी तेवढी बचत."

मी परत आले ती हवेतच. पंधरा वर्षं रेटवर घासाघीस केली आणि पैसा निघाला मापात!

स्टोअरकीपर गांगुर्डे यांना फॉर्म काढायला लावले. प्रत्येकानं स्वतःच्या हातानं माप लिहिलेलं. डबल एक्सेल, डबल एक्सेल, डबल एक्सेल. एकानं तर थ्री एक्सेल लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

"असं का हो लिहितात?"

"मॅडम, फुकट मिळतंय तर लहान कोण मागेल?" गांगुर्डे म्हणाले. "शाळेचा गणवेशसुद्धा आपण वाढत्या अंगाचा घेतो."

हे मला लगेच पटलं. माझ्याच मुलाची चौथीची पँट सातवीपर्यंत पुरली होती. खात्री करायला मी यार्डात गेले. आहेरभाऊंच्या अंगावर जॅकेट असं लोंबत होतं की आत आणखी एक आहेर मावला असता.

"आहेरभाऊ, तुम्ही डबल एक्सेल का मागितलं?"

"मोठं लागतं ना मॅडम. थंडीत सोटर घातलं का वरून बसाया पायजे. आमच्याकडं थंडी लय हाय."

बाहेर बेचाळीस डिग्री तापमान होतं. माझ्या मानेवरून घाम वाहत होता. मी हसले, म्हटलं, "थंडीचं थंडीत बघू." आणि निघाले. हे वाक्य मी किती झोकात बोलले होते, ते आठवलं की आजही कानाच्या पाळ्या गरम होतात.

शुक्रवार-शनिवार तिन्ही शिफ्टची मापं घेतली. मोजायची टेप गांगुर्डेंच्या हातात, यादी माझ्या. कँटीनबाहेर रांग लागली. "मॅडम, कंपनी कोट शिवतीये का?" "नवरदेव कोणे पण?" एक जण छाती फुगवून श्वास रोखून उभा राहिला, गांगुर्डेंनी त्याला सोडायला सांगितला तर दोन इंच कमी झाले. शेवटी निकाल असा की आमच्या कारखान्यात डबल एक्सेलची माणसं फक्त एकोणीस. त्यातले एक खुद्द बोरस्ते साहेब.

सोमवारी ऑर्डर गेली. बचत पाचव्या हिश्शापेक्षा थोडी जास्तच. साहेबांनी मीटिंगमध्ये माझं नाव घेऊन सांगितलं. जॅकेटं आली, सगळ्यांना मापात बसली, लोक एकदम नीटनेटके दिसायला लागले. पुढचे सहा महिने मी जरा ताठ मानेनंच चालत होते.

डिसेंबर उजाडला. एका सकाळी माझी स्कूटर सुरूच होईना, म्हणून साहेबांनी मला द्वारकेवरून गाडीत घेतलं. पहिल्या शिफ्टची वेळ, धुकं इतकं की गाडीच्या बॉनेटपुढचं काही दिसेना. गेटातून यार्डाकडे वळलो आणि शिट्टी ऐकू आली. अगदी जवळून. साहेबांनी ब्रेक मारला. बॉनेटपुढे दोन हातांवर एक तपकिरी आकृती उभी होती.

आहेरभाऊ होते. कानटोपी, मफलर आणि बायकोनं विणलेला जाडजूड स्वेटर.

साहेब गाडीतून उतरले. चेहरा पांढराफटक. "आहेर! जॅकेट कुठंय तुमचं?"

आहेरभाऊंनी निमूटपणे स्वेटर वर केला. आत नव्या मापाचं जॅकेट झगझगत होतं. चेन गळ्यापर्यंत लावलेली, टेपवर हेडलाइट पडून डोळे दिपतील असं.

"हाय की साहेब. आत हाय."

"आत कशाला?"

"वरून चढंना. चेन लागत नाय. आन जॅकेट न घालता गेटात घेत नाय, म्हून आत घातलंय." मग माझ्याकडे बघून, काहीच तक्रार नसल्यासारखे म्हणाले, "मॅडमला मी उन्हाळ्यातच बोललो व्हतो."

मला तिथल्या तिथं जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. साहेबांच्या जागी ट्रेलर असता तर? त्याला दोन हातांत थांबता आलं नसतं. या माणसानं मला सगळं सरळ सांगितलं होतं, आणि मी घाम पुसत हसले होते.

यार्डात फिरलो. करडे, निळे, मेंदी रंगाचे स्वेटर, आणि प्रत्येकाच्या आत माझी बचत, कुणालाही न दिसणारी. दुपारच्या आत गांगुर्डेंनी स्टोअरच्या माळ्यावरून गेल्या वर्षीची परत आलेली डबल एक्सेल जॅकेटं काढली आणि यार्डातल्या सगळ्यांना दिली. साहेबांनी ट्रेलर धुकं उठेपर्यंत थांबवले.

मी पुन्हा द्वारकेला. मणियारभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पोट धरून हसले. "ताई, मी तुम्हाला माप विचारलं होतं. मौसम तुम्ही विचारायचा होता!"

मग मात्र ते कामाला लागले. नव्या जॅकेटांच्या दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवून तिथं रुंद इलॅस्टिकच्या पट्ट्या घातल्या. उन्हाळ्यात अंगाबरोबर, थंडीत ताणून स्वेटरवर. दहा दिवसांत सगळी जॅकेटं करून मिळाली. त्या कामाचं बिल लावल्यावर माझ्या गाजलेल्या बचतीतली निम्मीसुद्धा उरली नाही. साहेबांनी बिलावर सही केली आणि एवढंच विचारलं, "आता सखाराम दिसतो ना?"

"दिसतो साहेब. गेटापासून दिसतो."

बल्क ऑर्डरमध्ये पैसा वाचतो, खोटं नाही. फक्त माप माणसाचं घ्यायचं असतं, आणि माणूस बाराही महिने असतो. आता माझ्या फॉर्मवर मापाच्या रकान्याशेजारी दुसरा रकाना आहे, 'आत काय घालता?' या वर्षी आहेरभाऊंनी त्यात लिहिलंय, 'दोन सोटर'. मी दुसऱ्या सोटरचं कारण विचारायला स्वतः यार्डात गेले होते.