पायावरचा हात

पोरगी बरी आहे की नाही, एवढंच कुणीतरी मला सरळ सांगावं असं वाटत होतं. जन्मतःच तिच्या हृदयाला छिद्र होतं. वर्षाची व्हायच्या आत ऑपरेशन झालं. आता सहावीत आहे, पळते, भांडते. तरी डॉक्टर म्हणाले, आतली झडप गळतेय का ते एमआरआय काढून बघू, गळती जास्त असेल तर छाती पुन्हा उघडावी लागेल. आता चांगल्या हिंडत्या-फिरत्या लेकराची छाती कशाला उघडायची? माझं डोकंच चालेना. बिडकीनहून निघताना भद्रा मारुतीला म्हणाले, "बाबा, तूच बघ आता."

संभाजीनगरच्या त्या दवाखान्यात आत धातू चालत नव्हता. मंगळसूत्र, बांगड्या पिशवीत टाकल्या आणि शेजारी बसलेल्या बुरख्यातल्या खालांकडं दिल्या. ओळख ना पाळख. त्या खुलताबादच्या निघाल्या. माझ्या तोंडी भद्रा मारुतीचं नाव ऐकून, "तुमच्या मारुतीच्याच गावची मी. जावा बेफिकीर," म्हणाल्या.

पोरगी मशीनमध्ये गेली, तिचा पाय तेवढा माझ्या हातात राहिला. कानात "श्वास रोखा" ऐकू आलं की तिनं दम धरायचा, तेवढ्यात फोटो निघतो. पण काही केल्या फोटो नीट येईनात. टेक्निशियन वैतागला. "ताई, ही मधेच श्वास घेते. आता नाय जमलं तर दुसऱ्या दिवशी भूल देऊन करावं लागंल." भूल म्हटल्यावर माझं अवसानच गळालं. मारुतीचा धावा करत मी पाय आणखी घट्ट धरला.

तेवढ्यात नर्सनं दार उघडलं. "बाहेर खालांना चक्कर आलीय. तुमची पिशवी छातीशी धरून बसल्यात, कुणाला देईनात, आडव्याही होईनात!" अस्सा राग आला! देवा, हीच वेळ सापडली का तुला? धावत गेले. त्यांची साखर उतरली होती. पिशवी माझ्या हातात आली तेव्हाच त्या बाकावर कलंडल्या. मी त्यांना बिस्किटं भरवली, पाणी पाजलं आणि तशीच मागं मशीनच्या दारापर्यंत पळाले.

"झाले की फोटो! एकदम साफ," टेक्निशियन हसत होता. मला काही कळेना. पोरगी बाहेर आल्यावर विचारलं, "आता गं कसं जमलं?"

"तू पाय दाबत नव्हतीस ना. तू दाबलास की मी श्वास घेते."

ऑपरेशनपासूनची माझी सवय. ती झोपली की पाय दाबायचा, तिनं मोठा श्वास घेतला की मगच मला चैन पडायचं.

डॉक्टर म्हणाले, गळती थोडी आहे, सध्या ऑपरेशन नको, पण अधूनमधून बघत राहायचं. म्हणजे बरी की नाही? अजूनही मला नीट उमगलेलं नाही. खालांची चक्कर ही कृपा होती का, तेही नाही. एका म्हातारीला त्रास देऊन देव माझं काम कशाला करेल? त्यांच्यासाठी मात्र रोज हात जोडते. एवढं खरं, मी देवाला 'तूच बघ' म्हणाले होते आणि पाय काही सोडला नव्हता.

एसटीत ती माझ्या मांडीवर पाय टाकून झोपली. सवयीनं हात तिकडं गेला. मी तो उचलून पिशवीवर ठेवला आणि नुसती बघत बसले. तिचा श्वास चालू होता.