आरशातला पांढरा गोळा

आमच्या मार्गिलान शहरातल्या गल्लीतली होसियत खोला, म्हणजे सगळ्यांची मावशी, दूधवाल्याला दारात उभं करून दूध उकळून बघायची, मगच त्याला जाऊ द्यायची. जात्याच संशयी बाई. लग्नात बायकांच्या खोलीत पुरुष फोटोवाला चालत नाही, म्हणून ते काम तिचं. गळ्यात छोटा रोलचा कॅमेरा आणि नजर सगळ्यांच्या ताटांवर.

तिनेच वाढवलेल्या भाचीचं, झुलहुमोरचं, लग्न ठरलं. नवरामुलगा इल्होम खोलाला पहिल्यापासून खुपत होता. "फार गोड बोलतो मेला. पोरीला विचारावं तर 'बरं आहे' एवढंच म्हणते. आरसा दाखवतील ना, तेव्हा तिचा चेहरा पकडते. मग कळेल खरं काय ते." नवरानवरी शेजारी बसून आरशात एकमेकांना बघतात, तो फोटो तिला हवा होता.

कॅमेऱ्यातला इवलासा फ्लॅश त्या मोठ्या खोलीला पुरेना. बाजारात कॅमेऱ्याचं दुकान चालवणाऱ्या, तिला ओपा म्हणजे ताई म्हणणाऱ्या सोबिरजानने वरून लावायचा फ्लॅश काढला. त्याचं डोकं छताकडे वळायचं.

"मान मोडलेला माल माझ्या गळ्यात मारतोस?"

"ओपा, ती वळतेच. छतावरून उजेड मऊ पडतो."

"छताचा फोटो कोणाला हवाय? सरळ बघणारा दे."

लग्नात तिने जोडप्याच्या मागून आरशावर नेम धरला. रोल धुऊन आला, तर आरशात चेहऱ्यांच्या जागी पांढरा गोळा.

"बघितलंस? आरशानेच नाकारलं त्याला!" खोलाने फोटो माझ्यापुढे नाचवला. मला तिचा रागही आला आणि कीवही. मीच तिला ओढत सोबिरजानकडे नेलं. त्याने कपाळावर हात मारला.

"ओपा, आरशावर सरळ उजेड मारलात, तो तसाच परत आला. जावयाचा काय दोष?"

मान वळणारा फ्लॅश मुकाट्याने घरी आला. खोलाने दोघांना जेवायला बोलावून पुन्हा बसवलं. आरसा मी धरला.

या वेळी चेहरे लख्ख आले. इल्होम बायकोकडे बघून हसत होता. ती मात्र डोळे मोठे करून थेट कॅमेऱ्याकडे बघत होती.

"घाबरलीय पोर! मी सांगत नव्हते?"

"घाबरलीय खरी. पण कोणाला, खोला? कॅमेऱ्यामागे कोण उभं होतं?"

तिने फोटो खिडकीपाशी नेला. मग रुमालाच्या टोकाने डोळे पुसले.

"शुक्रवारी परत बोलाव दोघांना. फोटो तू काढ, मी आत पुलावाचं बघते. आणि बटण नीट दाब, तुझा काही भरवसा नाही."