वर गेलेले नऊ दिवस

लग्न झालं तेव्हा मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. सासर केदारखेड्याचं, कॉलेज जालन्यात. सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळी परत. परीक्षा होईपर्यंत मूल नको, हे आम्ही दोघांनी पहिल्याच आठवड्यात ठरवलं. ठरवलं म्हणजे मी म्हणाले आणि नवरा ‘बरं’ म्हणाला.

कुटुंबनियोजनाचा तक्ता मला तोंडपाठ होता. गोळी, तांबी, इंजेक्शन, निरोध. कुणाला काय चालतं, हे मी वर्गात उभी राहून सांगायचे. पण घरात गोळ्यांचं पाकीट ठेवायला जागा नव्हती. कपाट एकच, आणि त्याची किल्ली सासूबाईंच्या कमरेला. त्यांना मी आत्याबाई म्हणते. म्हणून मग निरोध. गावातला मेडिकलवाला सासऱ्यांच्या बैठकीतला. नवरा कामानिमित्त जालन्याला गेला की तिथल्या मस्तगड भागातल्या एका दुकानातून आणायचा, तेही दुकानात दुसरं गिऱ्हाईक नसेल तेव्हाच.

दिवाळीनंतर एकदा त्याची फेरी हुकली. “एका दिवसानं काय होतंय,” तो म्हणाला आणि मीही गप्प बसले. तक्ता पाठ असलेली मी. दुसऱ्या दिवशी कॉलेजजवळ तातडीची गोळी घेतली आणि बाटलीतल्या पाण्याबरोबर दुकानाच्या पायरीवरच गिळली.

पाळीची तारीख आली आणि गेली.

गोळीने पाळी लांबते, हे मला माहीत होतं. माहीत असून उपयोग होत नव्हता. आणि आमच्या घरात ही गोष्ट लपतही नाही. पाळी आली की चुलीला, देवाला शिवायचं नाही, ओसरीवर वेगळी सतरंजी. त्यामुळे माझी तारीख आत्याबाईंनाही ठाऊक. चौथ्या दिवशी त्यांनी माझ्या भाकरीवर तूप जास्त घातलं. सहाव्या दिवशी हातातला हंडा काढून घेतला. आठव्या दिवशी शेजारच्या काकूंना म्हणाल्या, “पुढल्या आठवड्यात हिला जांबला नेते दर्शनाला.” काकू माझ्याकडे बघून हसल्या. माझ्या घशाशी आलं, पण आता ओकारी आली तर काय समजतील म्हणून मी ती तशीच दाबली.

संध्याकाळी नवऱ्याला विहिरीजवळ गाठलं.

“राहिलं असेल तर?”

तो मोटारीच्या पाइपाशी खटपट करत राहिला. “मंग राहू दे ना. आई किती खूश हाये, बघून राह्यली ना तू?”

“आणि परीक्षा?”

“पुढल्या साली दे.”

“तुम्ही ‘बरं’ म्हणाला होतात.”

“तव्हा म्हणलो व्हतो.”

 मी घरी आले.

नवव्या दिवशी कॉलेजच्या संडासात तपासणी केली. एकच रेघ उमटली. बाहेरून कुणीतरी दार वाजवेपर्यंत मी त्या पट्टीकडे बघत उभी होते, दुसरी रेघ उमटते की काय म्हणून. परतीच्या एसटीत पोटात कळा सुरू झाल्या.

घरी आल्यावर मी खुंटीवरची सतरंजी काढून ओसरीवर अंथरली. आत्याबाई ज्वारी पाखडत होत्या. त्यांचा हात थांबला.

“पडलं का काय, पोरी?”

‘हो’ म्हणाले असते तर सुटले असते. त्यांनी जवळ घेतलं असतं.

“राहिलंच नव्हतं, आत्याबाई. मी गोळी घेतली होती. परीक्षेपर्यंत मूल नको म्हणून आम्ही काळजी घेतो.”

सूप त्यांच्या मांडीवर तसंच राहिलं. “त्याला ठाऊक हाये?”

“हो.”

“आन् तो ऐकतो तुझं?”

नवरा दुधाची किटली घेऊन दारातच उभा होता. आम्ही दोघींनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने किटली खाली ठेवली, झाकण उगाच घट्ट केलं. “ठरलंय आमचं,” तो किटलीकडे बघूनच म्हणाला.

आत्याबाई चार दिवस दोघांशीही बोलल्या नाहीत. जांबला जाणं राहिलं. पाचव्या दिवशी काकूंनी विचारलं, तर त्या म्हणाल्या, “पोरीच्या अंगात रक्त बिलकुल कमी हाये. डॉक्टरीणबाई थांबा म्हणल्या.” कुठलीच डॉक्टरीणबाई असं म्हणाली नव्हती. त्यानंतर शेजारून शेपू, बीट येत राहिलं आणि मी ते मुकाट्याने खाल्लं.

पुढच्या महिन्यात पाळी संपल्यावर मी जालन्याच्या सरकारी दवाखान्यात तांबी बसवून घ्यायला गेले. एकटीच जाणार होते. नवरा न सांगता एसटीत चढला. तिथल्या सिस्टरनी पहिला प्रश्न विचारला, “सासूबाईंना विचारलं का?”

“त्यांना नाही, मला बसवायची आहे,” मी म्हणाले. आवाज चढला असावा, कारण बाकावरच्या बायका वळून बघायला लागल्या. त्या बायकांमध्ये नवरा मान खाली घालून बसला होता. पण उठून गेला नाही.

परीक्षा झाली, पास झाले. तांबीचं आत्याबाईंना मी कधी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

तांबी बसवली त्या दिवशी आम्ही दोघं स्टँडवर आलो. गाडीची वाट बघताना त्याने विचारलं, “दुखलं का?”

“दुखलं,” मी म्हणाले. त्याने माझ्या खांद्यावरची पर्स काढून आपल्या हातात घेतली.