मायवोरने सुनेला काय दिलं

मायवोरच्या पोटात काही राहत नाही, हे आमच्या स्नानघरात सगळ्यांना माहीत आहे. गोथेनबर्गची ट्राम जिथे संपते तिथे समुद्रात खांबांवर उभं असलेलं हे स्नानघर. बायकांची बाजू वेगळी, आणि सौनात, म्हणजे गरम वाफेच्या लाकडी खोलीत, अंगावर चिंधीसुद्धा घालायची नाही असा नियम. मंगळवारी आणि शनिवारी आम्ही तिघी तिथे फळीवर बसून घाम गाळतो, मग शिडीवरून गार पाण्यात उतरून किंचाळतो. मी सिग्ने, तीस वर्षं टपाल वाटून निवृत्त झालेली. ब्रित दातांच्या दवाखान्यात कामाला. आणि मायवोर, वय सत्तावन्न, शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांना जेवू घालणारी. तिने खिडकीतून "पॅनकेक संपले!" म्हटलं की मैदानाच्या पलीकडची पोरं रडायला लागतात.

अशा बाईला सून मिळाली ती तूवा. बारीक, हळू बोलणारी, ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घालणारी. कॉफी पीत नाही, मासे खात नाही, कुणाच्या घरी गेली तर उठताना खुर्ची होती तशी सरकवून ठेवते. मायवोर आम्हाला सांगायची, "पोरगी चांगली आहे गं, पण घरात आली की मला आपण म्हैस असल्यासारखं वाटतं."

तूवा जन्मली तीच गर्भाशयाशिवाय. बाकी सगळं जागच्या जागी, फक्त तेवढं नाही. सोळाव्या वर्षी डॉक्टरांनी तिला सांगितलं, आणि ते ऐकायला तिच्या शेजारी आईही नव्हती, ती आधीच गेली होती. मायवोरच्या मुलाला, रास्मुसला, तिने हे दुसऱ्याच भेटीत सांगून टाकलं होतं. तरी दोघांना मूल हवं होतं, आणि फार हवं होतं. आमच्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात एका बाईचं गर्भाशय दुसरीला बसवायचा प्रयोग सुरू होतोय असं कळलं, तेव्हा रास्मुसने ते रविवारच्या कॉफीला नुसतं सहज सांगितलं. मायवोरच्या तोंडात दालचिनीचा बन होता.

"माझं घ्या," ती तशीच म्हणाली.

"आई, आधी गीळ."

"गिळलं. माझं घ्या. तुझ्यानंतर त्यात कुणी राहिलेलंच नाही."

तूवा उठली, खुर्ची सरकवली आणि अंगणात निघून गेली. मायवोर मागोमाग गेली. पुढचं तिने आम्हाला सौनात शब्दन् शब्द सांगितलं, मीठमसाला वेगळा.

"एवढं मोठं मी घेऊ शकत नाही," तूवा म्हणाली. "परत काय देऊ मी तुला?"

हे आमच्याकडचं खास दुखणं. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर दुसऱ्या दिवशी वाटी भरून परत, वर दोन बन. कुणाचं काही अंगावर राहिलं की आम्हाला झोप लागत नाही.

"परत?" मायवोर ओरडली. शेजारच्या अंगणातल्या माणसाने गवत कापायचं यंत्र बंद केलं. "अगं, परत कोण मागतंय? या वयात मी त्याचं करू काय, खिडकीत कुंडी करून ठेवू?"

तूवा हसली. मायवोरच्या म्हणण्याप्रमाणे चार वर्षांत पहिल्यांदा दात दिसले.

रास्मुसच्या डोक्यात प्रकाश मात्र आठवड्याने पडला. "म्हणजे माझं पोर, मी जिथे होतो तिथेच राहणार?"

"हो. आणि तू जाताना पसारा करून गेला होतास," मायवोर म्हणाली.

मग तपासण्या. रक्त, लघवी, हृदय, फुप्फुसं, आणि एक मानसोपचारतज्ज्ञ, जिने विचारलं की तुझ्यावर घरातून दबाव आहे का. मायवोरने तिला सांगितलं की आमच्या घरात दबाव आणणारी मीच आहे. ओठाखाली तंबाखूची पुडी ठेवायची चाळीस वर्षांची सवय तिने एका दिवसात सोडली. त्यानंतरचा महिनाभर ती इतकी करवादली होती की शाळेत पोरांनी तक्रार न करता उकडलेला कॉड मासा खाल्ला.

सगळ्यात मोठी परीक्षा वेगळीच होती. मायवोरची पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती. ते जुनं गर्भाशय अजून कामाचं आहे का, हे बघायला डॉक्टरांनी तिला गोळ्या दिल्या. गोळ्यांनी रक्त आलं तर ठीक, नाहीतर सगळं तिथेच संपणार. आम्ही रोज तिला विचारत होतो, "आलं का?" जशी काही टपालाची वाट पाहत होतो.

ते आलं गुरुवारी, वाटाण्याचं सूप ढवळताना. मायवोर पळी टाकून धावली आणि परत येऊन स्वयंपाकघरात नाचली. मुख्याध्यापकांनी दारातून विचारलं, सगळं ठीक आहे ना? "मला पाळी आली!" ती म्हणाली. बिचारा गृहस्थ "अभिनंदन" म्हणून पुढच्या वर्गात शिरला. तिथे त्याचं काहीच काम नव्हतं. संध्याकाळी मायवोर आमच्याकडे पॅड मागायला आली. माझ्याकडे कुठून असणार? ब्रितकडे कुठून असणार? आम्ही तिघी म्हाताऱ्या दुकानात जाऊन त्या कपाटासमोर उभ्या राहिलो. पंख असलेले, पंख नसलेले, सुवासिक. इतकं हसलो की दुकानातल्या मुलीने विचारलं, काही मदत हवी आहे का.

मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली. मायवोर दहा तासांहून जास्त टेबलावर होती. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा तिचा चेहरा पिठासारखा पांढरा होता आणि आवाज पहिल्यांदाच एवढासा. "तिचं कसं आहे?" एवढंच तिने विचारलं. दोन दारं पलीकडे तूवा झोपली होती. मी तिलाही पाहून आले, आणि परत येताना मधल्या भिंतीला टेकून चक्क रडले. आनंदाने की भीतीने, मला अजून सांगता येत नाही.

आणि मग काहीच होईना.

तूवा मूठभर गोळ्या घेत होती, शरीराने ते परकं अंग झिडकारू नये म्हणून. डॉक्टर म्हणत होते, रक्तपुरवठा छान आहे, वाट बघा, महिना दोन महिने लागतील. तूवा-रास्मुसचे गर्भ प्रयोगशाळेत गोठवून तयार होते, पण ते ठेवायचे वर्षभराने, आणि त्याआधी एक खूण हवी होती: तूवाला पाळी यायला हवी. नाही आली तर ते अंग काढून टाकायचं. पाच आठवडे गेले. सहा गेले. मायवोर पोटावर टाक्यांचा व्रण मिरवत सौनात परत आली, पण तिचे विनोद आटले होते. सातव्या आठवड्यात, ब्रित पाण्यात असताना, ती मला म्हणाली, "सिग्ने, माझंच रद्दी निघालं तर? दुसऱ्या कुणी चांगलं दिलं असतं. मी मधे तोंड घातलं आणि त्या पोरीची एकमेव संधी खाल्ली." मायवोरला मी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मी निखाऱ्यांवरच्या दगडांवर पाणी ओतत बसले.

त्या शनिवारी सकाळी सौनाच्या दाराबाहेरून फोन वाजला. स्नानघरात फोन आणायला सक्त मनाई आहे. मायवोरने तो लोकरीच्या मोज्यात लपवला होता. ती उघडीच बाहेर धावली, आम्ही मागे. मोज्यातून फोन निघेना, तेव्हा तिने मोज्यावरूनच बटण दाबून मोज्यालाच कान लावला, आणि आम्ही दोघींनीही.

"मायवोर?" तूवाचा आवाज. "मला रक्त येतंय. ते... ते सगळं बाहेर पडतंय का? काही बिघडलं का?"

मायवोरने दाराची चौकट धरली. "किती येतंय? दुखतंय?"

"थोडंच. दुखत अजिबात नाही."

"दुखत नाही?" ब्रित ओरडली. "हा अन्याय आहे!" नवीन अंगाला मज्जातंतू जोडलेले नसतात, म्हणून दुखत नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण त्या क्षणी कुणाला आठवतंय!

"तूवा, ऐक," मायवोर म्हणाली, आणि तिचा आवाज तिला परत मिळाला, बंदरापर्यंत गेला असेल. "ही पाळी आहे. तुझी पाळी आहे गं, वेडे!"

पलीकडून अगदी हळू, "आता काय करतात?"

एकतीस वर्षांची बाई, आणि तिला कुणी शिकवलेलंच नव्हतं. आम्ही तिघींनी एकदम सांगायला सुरुवात केली. पंख असलेले घे. नाही, पंख नकोत. रात्री जाड. गडद रंगाची चड्डी घाल. गार पाण्यात धू, गरम पाण्यात नको, डाग बसतो. दवाखान्यात आत्ता कळव. सौनातून आणखी चार बायका बाहेर आल्या, त्यांनाही सल्ले होते. समुद्रावरचा वारा आमच्या ओल्या अंगावरून वाहत होता आणि कुणाला थंडी वाजत नव्हती.

"रास्मुसला सांगितलंस?" मायवोरने विचारलं.

"नाही. तो घरातच आहे. मला आधी तुलाच विचारावंसं वाटलं."

मायवोर खाली फळ्यांवर बसली. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. मी चौदा वर्षांची असताना न्हाणीघरातून आईलाच हाक मारली होती. तिथल्या प्रत्येकीने कुणाला तरी तशी हाक मारली असणार.

"आणि पुढे?" तूवाने विचारलं. "पुढच्या महिन्यात?"

"पुढच्या महिन्यात आमच्यासारखीच वैतागशील. डाग, चिडचिड, ऐन सुट्टीत आली म्हणून शिव्या."

"मी कधीच तक्रार करणार नाही," तूवा म्हणाली. ती रडत होती. "कधीच नाही, मायवोर."

"करशील गं," मायवोर म्हणाली. "आणि माझ्याचकडे करशील."