नवसूकाका घर बघायला गेला

माझा नवसूकाका कुणाच्याही घरी गेला की आधी वर बघतो. माणूस "या, बसा" म्हणत असतो आणि काका त्याच्या डोक्यावरचं झाड बघत असतो. चप्पल काढता काढता बघतो. मयताला गेला तरी बघतो. मागच्या वर्षी वर्गणी मागायला आलेल्या पोरांना त्याने दारात उभं ठेवलं आणि त्यांनाच विचारलं, तुमच्या मंडळाच्या मागचा शेवगा वाकलाय, माहीत हाय का?

तो झाडं छाटतो, हेच त्याचं काम. शेणव्यापासून तानशापर्यंत कुणाच्या घरावर फांदी आली, वायरीला आली, विहिरीत पानं पडायला लागली की नवसूला बोलवा. लहानपणी तो सगळ्यांसारखाच राबासाठी ऐनाच्या झाडावर चढायचा. भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजायला फांद्या लागतात ना, त्या तोडायला. बाकीची पोरं मोठी झाल्यावर खाली उतरली आणि कंपनीत गेली. काका वरच राहिला.

आणि लोकांना वाटतं चढायचं आणि कापायचं, झालं. अहो कुठे. लाइट बंद करायला वायरमन लागतो आणि वायरमन जेवायला गेलेला असतो. अख्खं झाड तोडायचं तर कागद लागतो, आणि नुसती फांदी छाटायची तर शेजाऱ्याची परवानगी लागते, कारण फांदी कायम एकाच्या झाडाची आणि दुसऱ्याच्या घरावर असते, आणि ते दोघं कायम बोलत नसतात. फार्महाऊसवाले म्हणतात झाड ठेवा पण त्याची पानं पडायला नकोत. खाली बघे जमतात आणि ज्यांनी जन्मात पेरूच्या वर काय चढलेलं नाय ते ओरडून सांगतात, नवसू, डावीकडून काप. वर मधमाशा, लाल मुंग्या, कावळीण. कावळीण तर काकाला चेहऱ्याने ओळखते, बाजारात पण मागे येते.

पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे दोर. मोठी फांदी अशीच नाय पाडत, ती बांधतात, दोर वरच्या बेचक्यातून घेऊन खाली सोडतात, आणि खालचा माणूस तो खोडाला वेढे देऊन धरतो आणि हळूहळू सोडत जातो. खालचा माणूस म्हणजे आमची गिरजाकाकी. लग्नापासून वर काका, खाली काकी. काकीला ताप असला की काका झाडावर चढत नाय. म्हणतो, दुसऱ्याच्या हातात दोर दिला की मला खाली उतरायची घाई होते.

तर ही गोष्ट अनिताताईच्या लग्नाची. अनिताताई म्हणजे त्यांची मुलगी, माझी चुलत बहीण. ती आसनगावला कंपनीत जाते आणि तिथेच मुरबाडकडचा मनोज पण येतो, पुढचं मी सांगायला नको. दोघांनी मिळून बुधूमामाला पकडलं. बुधूमामा आमच्याकडे लग्नं जमवतो. त्याला सांगितलं की तूच आम्हाला शोधून काढ. त्याने शोधून काढलं. मग पत्रिका, पाहुणे, सगळं रीतसर झालं आणि आमी घर बघायला निघालो. काका, काकी, बुधूमामा आणि मी. मुलगी येत नाय घर बघायला, ती घरी फोन हातात घेऊन बसली होती.

आमच्यात असं आहे की मुलीकडचे घर बघायला जातात तेव्हा घर पसंत पडेपर्यंत तिकडचं गोड तोंडाला लावत नाय. पाणी चालतं. चहा गोड, म्हणून चहा समोर ठेवतात आणि सगळे त्याच्याकडे बघत बसतात. मुलीच्या बापाने चहा घेतला म्हणजे बोलणं पक्कं. मग कुणी फिरवू शकत नाय. त्यामुळे ताईचा आख्खा जीव त्या कपात होता आणि ती मला पाच पाच मिनिटाला मेसेज करत होती, "चहा?"

घर मुरबाडच्या पुढे, कौलारू, छान. मनोजचे वडील विठू दारातच होते. काकाने नवीन पँट घातली होती, खाली एकदम बारीक मोहरीची, दुकानदाराने हीच चालते म्हणून दिलेली. काकीने गाडीत बसतानाच सांगितलं होतं, आज वर बघायचं नाय. काका हो म्हणाला.

"कौलं यंदाच फिरवली," विठू म्हणाले. "पडवी नवी हाय."

"हं," काका म्हणाला. वर बघत.

"ही विहीर. मे महिन्यात पण पाणी असतं."

"हं."

"नवसू, विहीर खाली हाय," बुधूमामा म्हणाला.

काकीने काकाला मागून चिमटा काढला. काकाने विहिरीत बघितलं, पण विहिरीत पाण्यात झाड दिसत होतं, झालं.

"ही फांदी कवापासून अशी हाय?"

"कंची?"

"तुमच्या डोक्यावरची."

विठू वर बघायला पण तयार नाय. "माझ्या बापानं लावलेला आंबा हाय तो. लोणच्याला गावात असा दुसरा आंबा नाय."

"बेचक्यात चिरलीय. पावसात कौलांवर येणार."

"नाय येणार. बापाची हाय."

"बापाची असली तरी खालीच येणार ना."

तेवढ्यात चहा आला. मनोजची आई पारूमावशी ट्रे ठेवून उभ्या राहिल्या. सगळे कपांकडे बघत बसले. मनोज कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. फोन वाजला, "चहा?" मी लिहिलं, "समोर आहे."

काकाने विचारलं, "त्या फांदीखाली खोली कुणाची?"

"मनोजची," विठू म्हणाले. "लग्नानंतर दोघांची."

"मग माझी पोरगी तिथं झोपायची नाय."

"तर मग दुसरं घर बघा."

झालं. मला रडूच आलं. म्हणजे इतक्या महिन्यांचं यांचं सगळं गुपचूप, ते कंपनीच्या गेटवरचे वडापाव, आणि आता एका फांदीपायी. बुधूमामाने टोपी काढली आणि परत घातली.

तेव्हा पारूमावशी बोलल्या. "कापा की मग. वारा सुटला की ती फांदी करकर करते, मी झोपत नाय. किती वर्षं सांगतेय या माणसाला."

"कैऱ्या हायत तिच्यावर," विठू म्हणाले.

"कैऱ्यांसकट उतरवतो," काका म्हणाला.

विठूंनी त्याच्याकडे डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. "उतरवा. पण एक कौल फुटलं ना, तर तुमी तुमच्या वाटेनं आणि आमी आमच्या."

"चालेल."

"काय चालेल?" काकी म्हणाली. "कशानं कापणार तुमी?"

काका गाडीकडे गेला आणि सीटखालून दोर आणि करवत काढून आला. काकी त्याच्याकडे बघतच राहिली. "पोरीचं घर बघायला करवत घेऊन आलात तुमी?"

"वाटेत कुठं लागली तर."

"निदान पँट तरी बदला."

"कुठं बदलू? व्याह्यांच्या घरात?"

मनोजने शिडी आणली, इतक्या जोरात धावत की विठूंना शंका आली असणार. काकाने चुलीतली राख मागून हातापायाला चोळली, लाल मुंग्यांसाठी. आणि चढला. चढताना तो एकदम वेगळाच माणूस दिसतो, खरंच सांगते. खाली चालताना गुडघे धरतो आणि वर गेला की मांजर.

फांदी बांधली, दोर वरच्या बेचक्यातून खाली आला. काकीने नवीन साडीचा पदर कमरेला खोचला, चप्पल काढली आणि दोराचे खोडाला वेढे घेतले. पारूमावशी तोंडावर हात ठेवून बघत होत्या. काकाने आधी फांदी खालून थोडी कापली, कारण नुसती वरून कापली की साल फाटत खोडापर्यंत जाते. मग वरून सुरू केलं.

आणि मग तो नाचायला लागला.

"हे काय करतायत?" विठूंनी विचारलं.

"पँटीत गेल्या," काकी म्हणाली.

राख होती पायाला, पण मुंग्यांचं घरटं होतं डोक्यावरच्या पानांत. त्या वरून कमरेतून आत गेल्या. आणि पँट खाली इतकी बारीक की बाहेर यायला वाटच नाय. नेहमीच्या ढगळ चड्डीतून त्या कशाही आल्या तशा निघून जातात. काका एका हाताने फांदी धरून दुसऱ्याने बक्कल सोडत होता. पँट घोट्याला अडकली. त्याने पाय झटकले, आणखी झटकले, आणि ती सुटली, आणि सरळ बुधूमामाच्या डोक्यावर येऊन बसली, टोपीवरून.

आता वर पट्ट्यापट्ट्याची चड्डी. व्याही, विहीणबाई, होणारा जावई, सगळ्यांनी मान खाली घातली. काकीला घालता येत नव्हती. दोरवाल्याने फांदीवरची नजर काढायची नसते. ती तशीच वर बघत उभी राहिली, एकदम गंभीर तोंडाने.

"गिरजे, सुटतेय," काका म्हणाला.

कडाड असा आवाज झाला आणि फांदी सुटली. कैऱ्यांनी ती वाटली त्याच्या दुप्पट जड होती. दोर सरसर जायला लागला, काकी खोडाकडे ओढली गेली, पाय घसरले. आणि पारूमावशी उडी मारून मागून दोराला लोंबकळल्या. त्यांच्या मागे मनोज, मनोजच्या मागे गळ्यात पँट अडकवलेला बुधूमामा. मी पण धरला, सगळ्यात शेवटचं टोक, ज्याला काय अर्थ नव्हता.

फांदी कौलांच्या वर हातभर थांबली. झुलत होती. एक कैरी कौलाला लागत होती, टक, टक. विठू खाली हात पसरून उभे, म्हणजे आख्खी फांदी झेलणार असे.

"आता हळू सोडू," काकी म्हणाली. "विहीणबाई, मी सोडते तेवढाच सोडा. ओढू नका."

"विहिरीवर पाणी काढते तशीच ना?"

"तशीच. उलटी."

काकाने वरून पायाने दोर अंगणाकडे रेटला आणि दोघींनी ती फांदी अंगणात आणून ठेवली, खरोखर ठेवली, बाळ ठेवतात तशी. एकच कैरी तुटली, ती कौलांवरून गडगडत आली आणि विठूंच्या हातात पडली.

विठू शिडीवर चढले. एकेक कौल हात लावून बघितलं. खाली आले. "फुटलं नाय," म्हणाले, थोडं नाराजच.

पण आता बोलणार कोण? पसंत म्हणायचं ते मुलीकडच्यांनी. आणि मुलीकडचा माणूस झाडावर चड्डीत. पारूमावशींनी विठूंची लुंगी आणली, ती वर टाकली, काका ती नेसून उतरला. अंगभर लाल गांध्या. तो पडवीत येऊन बसला, घाम पुसला, समोरचा कप उचलला आणि गार चहा एका घोटात संपवला. मग काकीचा पण उचलला आणि तोही संपवला.

बुधूमामाने गळ्यातली पँट काढून मांडीवर नीट घडी घातली. काकी काकाकडे बघत होती. काकाला काय कळेना. त्याला काम झाल्यावर तहान लागते, तो जे समोर असेल ते पितो, एकदा फार्महाऊसवर देवाचं तीर्थ पण प्यायला होता, तांब्याभर.

"चहा घेतलात तुमी," विठू म्हणाले.

काकाने हातातल्या कपाकडे बघितलं. मग रिकाम्या दुसऱ्या कपाकडे. मला दिसलं त्याला आठवलं ते. कानापर्यंत लाल झाला, गांध्या सोडून राहिलेला सगळा.

"घेतला," तो म्हणाला. मग कप खाली ठेवून, "साखर जास्त हाय."

"आमच्यात तेवढीच घालतात," पारूमावशी म्हणाल्या. "पोरीला सांगून ठेवा."

मनोज उठून मोरीकडे गेला आणि तिकडे बराच वेळ नळ चालू ठेवला. मी ताईला लिहिलं, "घेतला." तिचं लगेच आलं, "बाबांनीच ना?" मी लिहिलं, "दोन कप. लुंगीत." तिचा फोनच आला, पण तो घ्यायला मला जमलं नाय, कारण मी आणि पारूमावशी आणि काकी तिघी अंगणात कैऱ्या तोडायला बसलो होतो आणि काकी आता कुठे हसायला लागली होती, अशी की तिला कैरी धरता येईना.

निघताना विठू गाडीपर्यंत आले. पँट पिशवीत घालून दिली, चांगली झटकून. लुंगी राहू द्या म्हणाले, ती आता तुमचीच. काका गाडीत बसायला वाकला आणि तसाच थांबला. वर बघत.

काकी म्हणाली, "नाय. आज नाय."

"मी काय बोललो का?"

"त्या फणसाबद्दल म्हणताय ना?" विठू म्हणाले आणि या वेळी आपणहून वर बघितलं. दोघं व्याही रस्त्यात मान वर करून उभे राहिले, आणि बुधूमामा हॉर्न वाजवत राहिला.